टीव्हीवर मी गप्प दिसले

कॅमेरावाल्याने माझ्या पेटत्या शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं. मला विचारलंही नाही. अर्धवट शिजलेल्या भाताचा टोप त्याने आधीच उचलून मोरीत ठेवला होता. कोळसे चरचरले, खोलीभर धूर झाला. टीव्हीवाल्या बाई खोकत म्हणाल्या, "हं, आता बरोबर वाटतंय."

आमच्यात घरात मयत झालं की चूल थंड ठेवतात. इथे तर माझ्या खोलीबाहेर पोरं जेवायला थांबली होती.

गिरण्यांचा संप लांबला होता. लालबागच्या चाळीत माझी खानावळ. जेवायला येणारे गिरणीतले गडी कधीच कोकणात निघून गेले, माझा नवराही त्यांच्याबरोबर. मग मजल्यावरच्या बायकांनी ठरवलं, प्रत्येकीने घरात असेल ते आणायचं आणि माझ्याकडे एकच मोठा टोप चढवायचा. कुणी मूठभर डाळ आणायची, कुणी दोन कांदे. नाक्यावरचा धान्यवाला आमच्यासाठी तांदळाची कणी बाजूला काढायचा. सगळी पोरं गॅलरीत एका पंगतीत बसायची. कुणाच्या घरातून काय आलं ते पंगतीत बोलायचं नाही, हा आमचा नियम.

बाई दादरच्या, गोड बोलणाऱ्या. समाज जागा करणारे कार्यक्रम करायच्या. मी त्यांना पंगतीचं सगळं सांगितलं. इतकं कौतुकाने मला कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच बोलले. त्यांनी मान डोलावली आणि मला विझलेल्या शेगडीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसवलं.

"ताई, डोळ्यांत जरा पाणी आणता येईल का?"

पाणी होतंच, धुराचं. तेवढं त्यांनी घेतलं.

कार्यक्रम लागला तेव्हा आम्ही सगळ्याजणी तळमजल्यावरच्या हेडक्लार्कच्या दारात जमलो. चाळीत टीव्ही त्यांच्याकडेच. बायका धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या. पडद्यावर माझे ओठ हलत होते, आवाज मात्र एका पुरुषाचा. या स्त्रिया हताश होऊन मदतीची वाट पाहत आहेत, असं तो सांगत होता. पंगत कुठेच नव्हती. शेजारची मालवणी आजी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "अगो, तुका मुकी केल्यांनी."

धरणीने दुभंगून मला पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी कणी आणायला गेले, तर धान्यवाल्याने ती चिंचपोकळीच्या एका चाळीला देऊन टाकलेली. तुमचं बंद पडल्याचं टीव्हीत पाहिलं, म्हणाला. त्याचा तरी काय दोष? टीव्ही खोटं दाखवेल असं आम्हालाही तेव्हा कुठे वाटायचं.

काही दिवसांनी बाई पुन्हा आल्या. कार्यक्रम पाहून लोकांनी तांदूळ पाठवला होता. देणारे चांगले लोक होते, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पोती जिन्यावरून वर आली, मागून कॅमेरा. मी पदर पसरून उभं राहायचं होतं. मी म्हटलं, आधी पंगतीबद्दल बोलते, ते न कापता दाखवा, मग तांदूळ घेते.

बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, तुम्ही अशा बोललात तर लोकांना वाटेल तुमचं बरं चाललंय. मग देणार कोण?"

तिथे माझे डोळे उघडले. आम्ही एकमेकींना जगवत होतो, हेच त्यांना अडचणीचं होतं. आमच्या पोटात घास जायचा तर आम्ही आधी लाचार दिसायला हवं होतं.

"मग न्या ती पोती," मी म्हणाले.

पोती खाली गेली. पोरं कठड्याला चिकटून बघत होती. त्या दिवशी पातळ पेज झाली, तीही पुरली नाही. समोरच्या खोलीतली बाळंतीण पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचंही चुकत नव्हतं. तरी मला त्या 'नाही'चा पस्तावा झाला नाही, आजही नाही.

गिरण्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले. अजून कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन जिना चढतं, त्या दिवसांचं विचारतं. मी दारातच अडवते. माझं सगळं बोलणं दाखवणार असाल तर आत या. मी उपाशी होते हे मीच सांगेन, आणि आम्हाला उपाशी ठेवणाऱ्या गिरणीमालकाचं नावही घेईन. ते नाव कापायचं असेल, तर आल्या पावली खाली उतरा.