वडिलांना सोबत आणावे

मी अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. झाडणं, पाणी भरणं, आणि प्रवेशाच्या दिवसांत पत्रांच्या घड्या करून ती पाकिटात घालणं. चौथी शिकले, म्हणून वाचता येतं, पण हळू. कोणासमोर बोलायची मात्र हिंमत होत नाही.

यंदा क्लार्क मॅडमनी पत्रं कॉम्प्युटरवर नव्या पद्धतीनं केली. मी नुसती बघत उभी होते, तर त्या आपणहून म्हणाल्या, "पाहा बाई, पत्रं दोनच. मजकूर एकदाच लिहून ठेवला. निवड झालेलीले एक, वेटिंगच्या यादीत थांबलेलीले दुसरं. नाव-गाव अर्जातून आपोआप येते."

घड्या करता करता निवडीच्या पत्रात एक ओळ दिसली. प्रवेशाच्या दिवशी वडिलांना सोबत आणावे. पुढच्या पत्रात तीच. त्याच्या पुढच्यातही तीच.

मग अकोल्याचा पत्ता आला. माझ्या बहिणीची मुलगी! तिची निवड झाली होती. पण तिचे वडील जाऊन सहा वर्षं झालीत. माझी बहीण कागदाला फार भिते. कागदात लिहिलं म्हणजे तसंच करायचं. ती दिराला विनवायला जाणार, दीर म्हणणार, शिकवता कशाला, लग्न करून टाका. तेवढ्यात तारीख निघून जाणार आणि जागा दुसरीला.

बोलावं, तर मॅडम म्हणतील, घरच्या पोरीसाठी बोलते. दुपारच्या चहापर्यंत ते पत्र मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत राहिले. शेवटी कप ठेवताना तोंडातून निघालंच.

"मॅडम, जिचे वडील नाहीत, तिनं कोणाले आणावं?"

"काहून? काय झालं?"

पत्र पुढे केलं. भाची आहे हेही सांगून टाकलं.

मॅडम हसल्या. "दोन वर्षांत पहिल्यांदा तुमी इतकं बोलल्या, बाई." मग पत्र वाचलं. "हे मी जुन्या पत्रातून तसंच उचललं. एकदाही वाचलं नाही."

त्यांनी एकाच ठिकाणी ओळ बदलली. वडिलांच्या जागी पालक आलं, आणि पुढे अर्जात पालक म्हणून लिहिलेलं नाव. साऱ्या पत्रांत ते आपोआप बदललं, आणि पत्रं पुन्हा छापून निघाली.

"आता साऱ्या घड्या पुन्हा करा. ही तुमची शिक्षा," त्या म्हणाल्या. इतक्या आनंदानं मी कधी काम केलं नव्हतं.

चार दिवसांनी भाचीचा फोन आला. "मावशी, कागदावर आईचं नाव आहे! सकाळपासून तीनदा मलेच वाचाले लावलं. अन् आता इचारून राहिली, अमरावतीले येताना कोणती साडी नेसू?"

"कोणती बी नेस म्हणा तिले," मी म्हटलं. "फक्त पहिल्या गाडीनं या."