पायावरची रांगोळी

पाय मोडला, पांढरंफेक प्लास्टर घातलं. पडल्या पडल्या बघत ऱ्हायले, तर ते नुकत्याच सारवलेल्या अंगणावाणी कोरं दिसाया लागलं. नातीचा पेन मागितला अन् ठिपके मांडले.

मालक गेले तवापासनं दारात रांगोळी काढायची मला मनाई. अंगण मी सारवायचं, रांगोळी दुसरीनं काढायची. माझं शेण चालतं अन् ठिपका चालत न्हाई, हा कुठला न्याय?

कमळ उमललं तशी ठणका इसरले. तेवढ्यात थोरली जाऊ आली. "अगं बया! रांडाव बाईला शोभतं का हे?"

"आक्का, उंबरा तुमचा आसंल. पाय माझा हाय."

काल प्लास्टर कापलं, कमळबी गेलं. पाय अजून लंगडतोय, पर बोटं थांबंनात. उद्या उंबऱ्यावरच काढते. कोण पुसतंय बघू.