मालगाडी जाईपर्यंत

झोप अजून पुरती लागलेली नाही. हॉटेलच्या खोलीतला हीटर बारीक घरघरतो आहे आणि रेवती भंगाळे डोळे मिटून ती घरघर ऐकते आहे. बाहेर इंग्लंडातली दुपार, पण उजेड दिवेलागणीचा. संध्याकाळी सामना आहे. व्यावसायिक स्नूकरमधलं हे तिचं पहिलंच वर्ष. आज हरली, तर तेच शेवटचंही. नाव यादीतून जाईल आणि ती भुसावळला परत जाईल.

लांबचे चेंडू हुकताहेत. तिचे प्रशिक्षक हर्षद सर सुरुवातीलाच म्हणाले होते, क्यूची काठी मागे ओढल्यावर तू उगाच थांबतेस, तो थांबा काढून टाक. तिने काढला. तेव्हापासून चेंडू पॉकेटच्या ओठावर आपटून परत येतात.

घरघर जड होते, जमिनीतून येऊ लागते.

ती भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये उभी आहे. तेच जुनं टेबल, हिरव्या कापडावर तोच चहाचा डाग. टेबलाच्या कडेला कान लावून मधुकरमामा ओणवे झाले आहेत. मामांनी आयुष्यभर मालगाड्या चालवल्या आणि सुटीच्या दुपारी भाचीला क्यू धरायला शिकवलं. ती इकडे येण्याआधीच ते गेले. हे तिला आत्ताही माहीत आहे. त्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांच्या नखांत अडकलेल्या काळ्या ग्रीसचं.

मामा तिच्या काळ्या जाकिटाकडे, गळ्यातल्या बो-टायकडे बघतात.

"हे काय गं? वाढप्याची नोकरी धरली का?"

"असंच घालावं लागतं, मामा. मी आता खेळावरच जगते."

"जगतेस ना पण?"

ती सगळं सांगते. हुकलेले चेंडू, सर, काढून टाकलेला थांबा. मामा ऐकून घेतात आणि विचारतात, की आपण का थांबायचो ते सरांना सांगितलं नाहीस का. रेवती आठवून बघते. सापडत नाही.

"मलाच माहीत नाही," ती म्हणते.

"मग कान लाव इथं."

ती गाल लाकडावर टेकवते. कापडाखालच्या दगडी लादीतून काहीतरी येतं आहे, फार लांबून. हॉलच्या भिंती आता नाहीत. टेबल यार्डाएवढं पसरलं आहे, आणि त्यावरचे लाल चेंडू म्हणजे सिग्नलचे दिवे, अंधाराच्या टोकापर्यंत. गाडी टेबलाखालून जाऊ लागते. डब्यामागून डबा, प्रत्येक डब्याचं वजन तिला दातांत कळतं. वर सगळे चेंडू थरथरताहेत, पण एकही जागा सोडत नाही. एवढं प्रचंड काही इतकं जवळून जातं आहे आणि आपल्याला साधा ओरखडा नाही, या विचाराने तिच्या अंगावर काटा येतो.

आणि तिला आठवतं. इन्स्टिट्यूट रुळांना लागूनच होतं. मालगाडी जायची तेव्हा चेंडू थरथरायचे, आणि ज्याची पाळी असेल तो क्यू मागे ओढून तसाच थांबायचा. सगळेच थांबायचे. कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

तिच्या हातात क्यू आहे. ती वाकते, मागे ओढते. मामा तिचं डोकं हलकेच दाबून हनुवटी क्यूवर घट्ट टेकवतात.

"गाडी जाऊ दे," ते म्हणतात.

शेवटचा डबा जातो. मागे शांतता उरते, आजवर न ऐकलेली, भरलेल्या भांड्यासारखी. पांढऱ्या चेंडूपासून काळ्यापर्यंतची रेषा तिला दिसते. ती नेहमीच तिथे होती.

"आता," मामा म्हणतात.

दारावर टकटक होते. बाहेरून हर्षद सर सांगतात, की गाडी आली आहे, आवर.

रेवती उठून आरशासमोर केस बांधते आणि तिचा हात मध्येच राहतो. हनुवटीवर मधोमध एक उभी लाल रेघ आहे, क्यू दाबून धरला की उमटते तशी. क्यू कालपासून पेटीत बंद आहे. ती बोट लावते. रेघ खोल आहे आणि किंचित दुखते.

ती दार उघडते. "सर, तो थांबा मी परत घेणार आहे."

सर काही बोलणार, तोच त्यांची नजर तिच्या हनुवटीवर जाते.

"झोप म्हणालो होतो ना तुला," ते म्हणतात. "कुठं खेळत होतीस?"