तीन चाव्यांची पेटी

माझे मामा कुलुपं दुरुस्त करतात. चाळीस वर्षं एकच धंदा आणि दोन माणसं जेमतेम मावतील एवढं एकच दुकान. त्यांचा एक नियम आहे: मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा शेजारचे शिंपी स्वतःच्याच दाराबाहेर अडकले, तर मामांनी त्यांना बायको येईपर्यंत पायरीवर बसवून ठेवलं. घर बायकोच्या नावावर होतं, म्हणून.

मागच्या महिन्यात याच नियमात मामा स्वतः अडकले.

सात वर्षांपूर्वी मोठ्या आजारपणात त्यांनी मृत्युपत्र केलं. आपल्यामागे पोरांची भांडणं नकोत, म्हणून ते लोखंडी पेटीत ठेवलं आणि पेटीला तीन वेगळी कुलुपं बसवली. एकेक चावी दोन्ही मुलांना आणि तिसरी मुलीला, म्हणजे माझ्या ताईला. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडणारच नाही. सगळ्यांनी वाहवा केली. मीसुद्धा.

मुलं नोकरीसाठी लांब गेली. ताई मात्र त्याच सुमारास नवऱ्याचं घर सोडून आली होती. ती दुकानात बसायला लागली आणि हळूहळू सगळं काम शिकली. आता अवघड कुलूप आलं की मामाच म्हणतात, "थांबा, पोरगी बघेल."

तर मागच्या महिन्यात मामांनी मला बोलावलं. "तू इंजिनियर. सांग, दुकान मी कुणाला लिहिलंय?"

"मला काय माहीत? लिहिलंत तुम्ही!"

"आधी पोरांना लिहिलं होतं. मग ही आली, म्हणून दुसरा कागद केला, तिच्या नावाचा. एक पेटीत ठेवला, एक जाळला."

"कुठला जाळला?"

"तेच तर आठवत नाहीये!"

"मग पेटी उघडा. तुम्हाला पाच मिनिटांचं काम."

"मालक कुठायत?"

"मामा, मालक तुम्हीच!"

"चाव्या देऊन टाकल्या. आता ते तिघं मालक."

मी कागदावर चौकोन आणि बाण काढून सगळं मांडलं. प्रत्येक बाण फिरून पहिल्याच चौकोनात आला. शेवटी त्यांना वकीलबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "पेटीत काहीही असू दे. नवं करा. शेवटचं मृत्युपत्र धरतात." दोन साक्षीदारांसमोर मामांनी सही केली. घर मुलांना, दुकान ताईला. कागद या वेळी पेटीत नाही, बाईंच्या कपाटात.

मला वाटलं, मिटलं. पण परत येताना मामा भर रस्त्यात थांबले. "तेव्हा मी काय ठेवलं असेल रे?"

"आता काय फरक पडतो?"

"ती नुकती आली होती. मी रोज तिला परत जा म्हणत होतो. त्या दिवशी मी तिला आपली धरली होती की नव्हती?"

हे मला चौकोनात बसवता येईना.

चार दिवस मामांचं तेच चाललं होतं. पाचव्या दिवशी ते दुकानात म्हणाले, "पोरांना फोन करतो. येऊ देत चाव्या घेऊन. एकदाचं बघून टाकू."

ताई मशीनवर चावी घासत होती. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, जुडग्यातून पेटीची चावी काढली आणि मशीनला लावली. दाते सपाट होईपर्यंत घासली. मग ती बिघडलेल्या चाव्यांच्या खिळ्याला अडकवली.

"बाबा, एका कुलपाची मालकीण समोर हजर आहे," ती म्हणाली. "तिला उघडायचं नाहीये."

मामांनी खिळ्यावरच्या चावीच्या सपाट कडेवरून अंगठा फिरवला.

"नियमात बसतंय," ते पुटपुटले. मग माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, "हिला राग आलाय, की बरं वाटलंय?"

मी ताईकडे पाहिलं. तिने पुढच्या गिऱ्हाइकाचं कुलूप हातात घेतलं होतं.

"विचारा ना तिलाच," मी म्हणालो.

"तू विचार," मामा म्हणाले.