मासळीच्या पाटीजवळ शिकलेली पेशी

माझं अक्षर गिचमिड आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं, त्याची माफी असावी.

आठवीतल्या लेकीला वर्गात उभं राहून पेशी समजवायची होती. ती म्हणाली, "आई, तुला कळलं तर वर्गाला नक्की कळेल." म्हणून बोरीवलीच्या मासळी बाजारात मी तिने लिहून दिलेली चिठ्ठी धरून पुटपुटत उभी होते.

बोंबील कापणाऱ्या मावशीने मान वर न करता विचारलं, "काय गो बाय, जप करतेस?"

मी लाजत पेशीतल्या एकेका भागाचं काम वाचून दाखवलं. ती कापता कापता बोलली, "पटल म्हंजे घराचं दार. कुनाला आत घ्यायचं, कुनाला नाय, ते बघतं. ताकद देते ती चूल. केंद्रक माझी सासू, बसल्या जागी घर चालवते."

"आणि कचरा खाते ती लयकारिका?"

तिने पायाने पाटीखालची मांजर दाखवली.

मी बोंबील घेतले आणि दार, चूल, सासू, मांजर असं घोकत घरी आले. बोंबील धुताना आठवलं की पैसे दिलेच नाहीत. इतकी हुशार झाले होते.

दुसऱ्या दिवशी सासूवर सगळा वर्ग हसला, पण पेशी सगळ्यांना कळली, असं लेक सांगत आली. मी तशीच बाजारात गेले.

"मावशी, काल हाक का नाही मारलीत?"

"मारली असती तर तुझं पाठ केलेलं इसरलं असतं."

मी खाली मान घालून तिचे सगळे पैसे चुकते केले.