पंचामृत मी कालवलं होतं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी चष्म्याचं निमित्त, कधी गुडघ्याचं. आताही दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. सोसायटीच्या सत्यनारायणाला जोडीने बसायचा मान त्या वर्षी आमचा. महिनाभर आधी मला टायफॉइड झाला होता. ताप उतरला तशा मी गोळ्या सोडल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, कोर्स पुरा करा, मग शौचाची तपासणी करा, तोवर दुसऱ्याच्या खाण्यापिण्याला हात लावू नका. बायकोला मी सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणाले. मान सोडवत नव्हता.

शिरा गॅसवर शिजला, त्याचं काही नाही. पंचामृत शिजवत नाहीत. ते मी कालवलं. साखर विरघळेना म्हणून बोटांनी. मग पळीपळीने प्रत्येकाच्या तळहातावर घातलं.

दोन आठवड्यांनी इमारतीत ताप सुरू झाला. पाच घरं. टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. पाचांपैकी तीन घरांत, आणि आमच्याकडेही, एकच बाई पोळ्या करायची, मालवणकडची. मीटिंगमध्ये कुणीतरी तिचं नाव काढलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी नोटीस लिहिली. वॉचमनने तिला गेटवरच अडवलं.

ती भांडली नाही. मी खाली उतरलो तेव्हा एवढंच विचारलं, "काकानू, पोळी तव्यार भाजतंय मां मी? मगे ताप खंयसून लागतलो?"

मी म्हटलं, कमिटीचा निर्णय आहे.

पुढे मी लांब, मुलुंडला जाऊन तपासणी केली. जंतू निघाले. डॉक्टर म्हणाले, ते पित्ताशयात दडून राहतात, माणूस धडधाकट दिसतो. पित्ताशय काढलं. घरी खडे होते म्हणून सांगितलं. पाचही घरची माणसं तोवर बरी झाली होती. तिची कामं मात्र परत आली नाहीत.

एकदा भाजीबाजारात ती समोर आली. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बरे असास मां, काकानू?" बरा आहे म्हटलं आणि वांगी निवडत राहिलो. मान वर केली तेव्हा ती गेली होती. पुढे कळलं, गावाला गेली, तिकडेच वारली.

वाक्य तयार होतं. अजून तसंच आहे: बाई, तो ताप तुझ्या हातचा नव्हता, माझ्या हातचा होता. मला माफ कर.