दसऱ्याला गाडी सुरू झाली तेव्हा

गाडी ही माझी सवत आहे, असं मी हळदीकुंकवाला बायकांना हसत हसत सांगायचे. खोटंच होतं ते. सवतीचा राग येतो, मला त्या गाडीची नुसती लाज वाटायची. पंचवटीतल्या आमच्या बोळात लोकांच्या दारापुढे रांगोळ्या, आमच्या दारापुढे ऑइलचे डाग. आमचे हे ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून सुटले की हातपाय धुवायच्या आधी तिच्याखाली शिरायचे. बाहेर दिसायचे ते फक्त दोन पाय. कुणी विचारलं, "वहिनी, साहेब आहेत का?" की मी त्या पायांकडे बोट दाखवायचे.

गाडी आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी. पिंपळगावकडच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. यांनी ती टेम्पोत घालून आणली तेव्हा सासरे म्हणाले होते, "भंगार घरातून बाहेर काढतात रे, घरात आणत नाहीत." पण ऐकतील तर ते हे कसले! मालेगावच्या जुन्या बाजारातून एकेक मूठ, एकेक काच शोधून आणत, पत्रा ठोकून घेत, रात्रपाळ्या सांभाळत यांनी ती उभी केली. मोतिया रंग दिला. कुणाच्या लग्नात नवरा-नवरीला बसवून नेताना यांची मान अशी ताठ, की वाटावं लग्न यांचंच आहे.

आणि टॉर्च धरायला मी. "अगं, माझ्या हातावर नको, नटावर धर!" हे ऐकण्यात माझा जन्म गेला. शाळेत पोरांना पाढे शिकवून यायचं, पोळ्या लाटायच्या आणि मग टॉर्च धरायची. पण कुरकुरत का होईना, बघून बघून मला त्या बॉनेटखालचं बरंचसं समजायला लागलं. समजतंय हे मात्र मी कुणाला कळू दिलं नाही. बाईला एक काम येतं म्हटलं की ते कायमचं तिच्या गळ्यात पडतं.

निवृत्तीनंतर यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दवाखान्यात एकटेच जाऊन आले आणि मला म्हणाले, "थेंब दिलेत." बस्स, विषय संपला. पेपर वाचायचे, माझ्या सुईत दोरासुद्धा ओवून द्यायचे, म्हणून मीही निर्धास्त. पण मग शेजारी ठेवलेला चहा कोपराने सांडायला लागला. येता-जाता दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. शेवटी मी यांना न सांगता डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "समोरचं दिसतंय, बाजूचं गेलंय. गेलेलं परत येत नाही. गाडी चालवायची नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय."

सांगितलंय! आणि हा माणूस परवाच मला शेजारी बसवून पेट्रोल भरायला गेला होता! त्याच फेरीत, भाजीबाजाराच्या वळणावर, एका फूलवालीच्या टोपलीला गाडी घासली होती. झेंडू रस्ताभर. ती बाई ताडकन उठून ओरडली, "ओ बाबा, दिसत नाय का? लय मोठी गाडी हाय म्हनून मान्सं चिरडता का?" हे तिच्यावरच उखडले, "रस्त्यात बसता आणि वर आम्हालाच बोलता!" मी खाली उतरून फुलं गोळा केली. टोपलीच्या पलीकडे तिचं तान्हं पोर फडक्यावर झोपलेलं होतं, चाकापासून हातभर लांब. यांनी ते शेवटपर्यंत पाहिलंच नाही. मला वाटलं होतं, रागाच्या भरात लक्ष गेलं नसेल.

मी डॉक्टरांकडून आले त्या रात्री यांना म्हटलं, "अहो, गाडी विकायची का आता? कोण करणार एवढी उस्तवार?" झालं! तीन दिवस अबोला. ताटात वाढलेलं खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. मला सरळ म्हणता आलं असतं की तुम्हाला दिसत नाही, त्या फूलवालीचं पोर थोडक्यात वाचलं. वर्गात पन्नास पोरांना दरडावणारी मी, घरात माझी जीभ टाळ्याला चिकटली. नवऱ्याला आंधळा म्हणायचं कसं? मग मी बोलायचं टाळलं आणि चोरटेपणा केला.

आमच्या गाडीत रोटर नावाचा एक भाग आहे, अंगठ्याएवढा. पंगतीत वाढपी फिरतो तसा तो फिरतो आणि प्रत्येक प्लगला करंट वाढत जातो. त्याला आतून तडा गेला की करंट मधल्या मध्ये जिरतो. बाहेरून बघाल तर अगदी धडधाकट. असा एक रोटर पूर्वी आम्हाला भारी पडला होता, आठवडाभर यांचं डोकं खाल्लं होतं त्याने. पण आमच्याकडे काही फेकायची पद्धत नाही. तो बाद रोटर बिस्किटांच्या डब्यात तसाच होता. हे दुपारी झोपले असताना मी रोटर ज्यात बसतो त्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं, चांगला रोटर काढला, बाद बसवला आणि चांगला माझ्या शिवणाच्या पेटीत दडवला. काम चोख झालं. शेवटी शिकवणी कुणाची!

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. यांनी चोक ओढला, पुढून हँडल घालून फिरवून पाहिलं. गाडी ढिम्म. "अगं, टॉर्च आण," म्हणाले. मी टॉर्च धरली. यांनी टोपण काढलं, रोटर हातात घेतला, चष्म्यासमोर धरून फिरवून पाहिला, त्याच्यावर फुंकर मारली आणि परत बसवला. मग हे म्हणाले, "प्लग बघू या," आणि माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. बॉनेट उघडायचं, प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, परत लावायचे. एक दिवस पॉइंट, एक दिवस कॉइल, एक दिवस पेट्रोलचा पंप. आणि मी टॉर्च धरून उभी. पूर्वी हाच माणूस नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचा, आणि आता तेच तेच प्लग घासत बसलाय! मला रडू यायचं. वाटायचं, डोळ्यांबरोबर यांचं डोकंही चाललं की काय! आणि नाही सापडत म्हणून हा माणूस आतून खचत असेल, तर ते पाप कुणाचं? माझंच की!

यांचे कारखान्यातले एक दोस्त आहेत, त्यांचीही एक जुनी जीप आहे. मी त्यांना भावोजी म्हणते. मनाने चांगले, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. ते येऊन बॉनेटवर थाप मारायचे. "काय राव, विमानं जोडलीत जन्मभर, आणि ही सुरू होत नाही? हात गेला वाटतं!" हे हसायचे. "वय झालं बाबा," म्हणायचे. "मी मेकॅनिक पाठवतो," भावोजी म्हणाले तर यांनी साफ नकार दिला. "माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागणार नाही." मी चहाच्या निमित्ताने आत पळाले. ओट्याशी उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या. पण बाहेर जाऊन एक शब्द बोलले नाही.

गोष्ट पसरली. भाजी घ्यायला गेले की लोक विचारायचे, "झाली का गाडी?" एक जण तर म्हणाला, "काकांना आता विश्रांती द्या वहिनी." मेल्याला काय करायचंय! पण लोकांना बोलायला जागा मीच दिली होती ना.

दसरा जवळ आला. शहरातल्या जुन्या गाड्यावाल्यांचा एक कंपू आहे. दसऱ्याच्या सकाळी सगळे आमच्या बोळाच्या तोंडाशी गाड्या लावतात. आमची सर्वांत वयस्कर म्हणून पूजेचा मान तिला. नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं ठेवतात, हे गाडी त्यांच्यावरून पुढे घेतात आणि मग सगळी वरात गंगापूर धरणाकडे निघते. यंदा भावोजी म्हणाले, "वहिनी, काळजी नको, आम्ही ढकलून लिंबावरून नेऊ." ढकलून! प्रेत हलवल्यासारखं! ज्या माणसाने कोंबड्यांच्या घाणीतून ही गाडी वर काढली, त्याच्यासमोर चार माणसं ती ढकलणार, आणि तो "वय झालं" म्हणत बाजूला उभा राहणार. मला ते सोसेना. दसऱ्याच्या पहाटे हे आंघोळीला गेले तेव्हा मी शिवणाची पेटी उघडली आणि चांगला रोटर जागेवर बसवून टाकला. मनात म्हटलं, सुरू होऊ दे, यांची मान वर होऊ दे, पुढचं पुढे बघू.

नऊच्या सुमाराला बोळ माणसांनी भरला. झेंडूची तोरणं, नव्या कपड्यांतली पोरं, ओळीने उभ्या गाड्या. मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फुटला. भावोजी ढकलायला पोरं गोळा करायला लागले, तशी मी मध्ये पडले. "भावोजी, आज सणाचा दिवस. एकदा हँडल मारून बघा की." यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "राहू दे गं. कशाला?" म्हणाले. "बघू या हो, वहिनींच्या हाताला यश असेल," म्हणत भावोजींनी हँडल लावलं आणि दुसऱ्याच झटक्याला गाडी धडधडली.

काय तो गलका! टाळ्या, शिट्ट्या. भावोजींनी यांना मिठीच मारली. "चला, बसा! लिंबं फुटू द्या!" चार जणांनी धरून यांना आत बसवलं. मी औक्षणाचं ताट घेऊन समोर उभी. आनंदाने माझे डोळे भरून आले होते, इतकी मी मूर्ख.

यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले. पोरं दोन्ही बाजूंनी गाडीला चिकटली होती. कुणी मडगार्डवर हात फिरवत होतं, कुणी लिंबू बघायला चाकापाशी वाकलं होतं. यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. "घ्या ना पुढे!" मागून कुणीतरी ओरडलं. यांच्या कपाळावर घाम आला होता. तेव्हा कुठे मला कळलं मी काय करून ठेवलंय. मी ताट खाली ठेवेपर्यंत यांनी इंजिन बंद केलं.

"मला दिसत नाही," हे म्हणाले. गाडी बंद झाल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "बाजूचं काहीच दिसत नाही मला. पोरांना बाजूला घ्या."

भावोजी, ज्यांना कधी शब्दांचा दुष्काळ नाही, ते टोपी काढून हातात धरून उभे राहिले. एका बाईने "अरे देवा" म्हटलं. यांना उतरता येईना, पायरी शोधत पाय हवेत फिरायला लागला, तेव्हा मी जाऊन हात दिला. मग एकेक करून लोकांनी आमच्या हातात आपट्याची पानं ठेवली, आणि यांच्याशी बोलताना सगळे उगीचच मोठ्याने बोलायला लागले, हे बहिरे असल्यासारखे. गाड्या धरणाकडे गेल्या. आमची तिथेच राहिली.

घरात आल्यावर हे पाटावर बसले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि अखेर रडत रडत सगळं ओकले. रोटर मी बदलला होता, तुम्हाला चालवू द्यायचं नव्हतं, तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही.

"माहितेय," हे म्हणाले. "पहिल्याच संध्याकाळी कळलं मला. बाद रोटरला मी ब्लेडने खूण करून ठेवली होती."

मी पदराने डोळे पुसले. "मग इतके दिवस प्लग कशाला घासत होतात?"

"गाडी बंद आहे असं लोकांना सांगता येत होतं. डोळे गेलेत हे कसं सांगू?" तांब्या जमिनीवर ठेवताना यांनी आधी हाताने जागा चाचपली. "मला वाटलं, माझ्या डोळ्यांचं तुला कळलंय. तू मला झाकून घेतेयस. म्हणून तर तू टॉर्च धरून उभी राहायचीस तेव्हा मला बरं वाटायचं. मग आज का परत बसवलास?"

यांच्यासाठी बसवला म्हणायला तोंड उघडलं, आणि माझं मलाच ते खोटं वाटलं. लोक यांना हसत होते आणि बाजारात माझी मान खाली जात होती.

"ते हसायचे तुम्हाला," मी म्हटलं. "मला नाही सहन झालं."

"मला होत होतं गं," हे म्हणाले.